उणे सहा

माझा आकड्यांवर विश्वास आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो गाढवपणा केला तो समजायला सोपं जाईल. इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत मी गुणवत्ता तपासनीस आहे. दिवसभर सुताची जाडी, ताकद, पीळ मोजायचा आणि खाली सही करायची. सूत दिसायला कितीही देखणं असो, यंत्रात नापास झालं की नापास. त्यात माझं कुणाशी वैर नसतं. चौदा वर्षं हे काम केल्यावर माणूस घरातही तसाच वागायला लागतो. माझा नवरा अजित म्हणतो, मुलगी बघायला तो आला होता तेव्हा मीच त्याला उजेडात धरून बघितलं होतं.

कल्लाप्पा मगदूम हे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामा म्हणते आणि सासूला आत्या. मामांनी अडतीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर म्हणून काढली. माग बिघडला की ज्याला हाक मारतात, तो जॉबर. निवृत्तीनंतर हा माणूस दिवसभर करणार काय, याची घरात सगळ्यांना काळजी होती. ते गेम खेळायला लागतील हे मात्र कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी खेळत असताना महिनाभर ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. एक दिवस म्हणाले, "ह्यो ढालवाला लई उशिरा ढाल उचलतोय. मला दे बघू जरा."

ती २०३५ सालची गोष्ट. आमच्या गेमचं नाव 'कालदुर्ग'. आठ जणांनी मिळून किल्ल्यावर चढाई करायची आणि दारातल्या राक्षसाला पाडायचं, एवढाच मामला. आठांपैकी एकजण टँक असतो, म्हणजे राक्षसाच्या पुढ्यात उभा राहून सगळे घाव ढालीवर घेणारा. दोघं हीलर, जखमा भरणारे. बाकीचे पाच नुसते मारणारे. आमच्या संघाचं नाव मामांनीच ठेवलं, 'आठ माग'. ते टँक, मी हीलर आणि संघाची म्होरकी. दुसऱ्या हीलर गडहिंग्लजच्या जनावरांच्या डॉक्टर ऊर्मिलाताई. मारणाऱ्यांत मिरजेचे बशीरभाई, जे दिवसा तंबोरे बनवतात, निपाणीचा सौरभ आणि कराडचे तीन सख्खे भाऊ. हे तिघं कधी बोलत नाहीत. नुसते मारतात.

दर रविवारी संध्याकाळी सातला चढाई, बुधवारी आणि शुक्रवारी सराव. मामा आणि मी एकाच खोलीत शेजारी शेजारी बसायचो, कानाला हेडफोन लावून. २०३७ मध्ये आत्या गेल्या. त्यानंतर दोन रविवार मामा आले नाहीत. तिसऱ्या रविवारी पावणेसातलाच येऊन खुर्चीत बसले.  बशीरभाई फक्त म्हणाले, "काका, या. तुमची ढाल आम्ही पुसून ठेवली आहे."

इतकं सगळं ठीक चाललं होतं आणि २०४१ मध्ये 'नसतातर' आलं.

त्याआधीही खेळ मोजणारी साधनं होती, पण ती बाळबोध. कुणी किती घाव घातले, कुणी किती जखमा भरल्या, त्याची बेरीज मारून यादी लावायची. माझ्यासारखीचं त्यावर समाधान होत नसे. एखाद्यानं घाव कमी घातले, पण वेळेवर 'मागं व्हा' म्हणून ओरडून चौघांना वाचवलं, तर ते कुठल्या रकान्यात टाकायचं?

नसतातरनं प्रश्नच वेगळा विचारला. हा माणूस नसता तर काय झालं असतं? ते तुमची झालेली लढाई घेतं आणि तुम्हाला तिच्यातून उचलून बाहेर काढतं. तुमच्या जागी एक सरासरी खेळाडू उभा करतं. लाखो लोकांच्या खेळावरून बनवलेला, ना हुशार ना मठ्ठ. मग तीच लढाई दहा हजार वेळा पुन्हा खेळवतं. तुम्ही असताना संघ शंभरात पन्नास वेळा जिंकणार असेल आणि तुम्ही नसताना एकेचाळीस वेळा, तर तुमचा आकडा अधिक नऊ. तुम्ही नसताना संघ जास्त वेळा जिंकत असेल, तर तुमचा आकडा उणे.

मला ते इतकं आवडलं की पहिल्याच दिवशी मी आमच्या वर्षभराच्या सगळ्या चढाया त्यात ओतल्या. सौरभ अधिक नऊ. मी अधिक तीन, म्हणजे मनातल्या मनात मी खूश. बाकीचे शून्याच्या आसपास.

मामा उणे सहा.

मी तीनदा तपासलं. कारण स्पष्ट होतं. राक्षसाचा हातोडा खाली यायला लागला की ढाल उचलायला मामांना पूर्वी सेकंदाचा चौथा हिस्सा लागायचा. आता अर्धा सेकंद लागत होता. वय सहासष्ट. यात त्यांचा काय दोष? पण नापास होण्यात सुताचाही दोष नसतो.

सीझन संपायला दोन आठवडे राहिले होते. शेवटच्या दारात जो राक्षस असतो त्याला आम्ही कातळ्या म्हणायचो. सहा वर्षांत तो आमच्याकडून पडला नव्हता. जो संघ त्याला पाडतो, त्या आठ जणांची नावं किल्ल्याच्या चौथऱ्यावर कोरली जातात आणि कायम राहतात. पुढच्या सीझनपासून कातळ्या जाऊन दुसरंच काही येणार, असं कंपनीनं जाहीर केलं होतं. मामांचं सगळं ध्यान त्या चौथऱ्यावर होतं. एकदा जेवताना म्हणाले होते, "अडतीस वरसं कापड काढलं. त्याच्यावर शिक्का मालकाचा. माझं नाव कुठंच लिवलेलं न्हाई बघ."

सोमवारी दुपारी सौरभचा मला गिरणीत फोन आला.

"ताई, काकांचा आकडा बघितला का?"

"बघितला."

"मग?"

"मग काय मग?"

"राग मानू नका ताई. पण काका असताना कातळ्या पडत नाही. धारवाडचा एक टँक माझ्या ओळखीचा आहे. अधिक चार आहे. दोन आठवड्यांसाठी येईल."

"आणि मामा?"

"काका बसून बघतील की."

मला सौरभचा भयंकर राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. तेवीस वर्षांचा पोरगा, देशातल्या पहिल्या शंभरात त्याचा नंबर, बंगळूरच्या एका व्यावसायिक संघानं त्याला चाचणीला बोलावलेलं. त्याला कातळ्या हवाच होता. मी म्हटलं, दोन दिवस दे.

त्या दोन दिवसांत मी जे शोधलं त्याचं नाव 'छाया'.

गेम तुमच्या हाताची प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवतो, सेकंदाला हजार वेळा. माणसाला वाटतं आपण मनाला येईल तसं खेळतो. पण वर्षभराच्या नोंदी हाती असल्या, तर पुढच्या क्षणी तुम्ही काय करणार हे यंत्र शंभरात पंचाण्णव वेळा अचूक सांगतं. आणि पुढे काय करणार हे ज्याला कळतं, त्याला ते तुमच्याऐवजी करताही येतं. ही तुमची छाया. कुठल्याही सालच्या नोंदींवरून ती बनवता येते. मी २०३६ च्या नोंदी घातल्या. तेव्हाचे मामा अधिक आठ निघाले.

साठीच्या पुढच्या खेळाडूंसाठी नियमांत आणखी एक सोय होती, 'सांधणी'. छाया तुमच्या जागी बसत नाही. तुमच्या हाताखाली असते. तुमचा हात वेळेवर आला तर ती गप्प. उशीर झाला तर ती तेवढं ढाल उचलणं उरकून टाकते; हात आलाच नाही, तर सगळं तीच खेळते. तुमचा हात पाव सेकंदानं मागाहून पोचतो आणि तुम्हाला वाटतं, ढाल आपणच उचलली. मेंदू एवढ्या थोड्या फरकाची चौकशी करत नाही. आपण करायला निघालो ते झालं ना, मग आपणच केलं, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

म्हणजे धारवाडचा कुणी नको, मामांना बाहेर काढायला नको. मामाच खेळणार, फक्त पाच वर्षांपूर्वीचे. फक्त खेळाडूची संमती हवी. मामांचा बँकेपासून गॅसपर्यंत प्रत्येक ओटीपी माझ्याच फोनवर येतो. त्यांना ती कटकट नको म्हणून मीच तशी सोय केली होती. सांगितलं असतं तर उणे सहाही सांगावं लागलं असतं. बुधवारी संध्याकाळी मामा पाय धुवायला मोरीत गेले होते, तेवढ्यात मी संमतीच्या चौकटीवर टिचकी मारली आणि आलेला ओटीपी भरला.

पुढचा आठवडाभर घरात दिवाळी होती. बुधवारी मामांच्या ढालीवरून हातोडे परतायला लागले. शुक्रवारी कातळ्याचं आयुष्य पहिल्यांदा निम्म्याच्या खाली आलं. रविवारी तर तो पडता पडता राहिला. मामांचा आकडा अधिक सात. ऊर्मिलाताई म्हणाल्या, "काका, कुठलं औषध घेताय? माझ्या म्हशींना देते." मामा पोटभर हसले. सोमवारी त्यांनी अजितला पेढे आणायला पाठवलं आणि शेजारच्या चौगुल्यांना अर्धा तास गाठून सांगितलं, की हात परत आलाय.

मी पेढा खाल्ला. 

एक गोष्ट यंत्रानं आधीच दाखवली होती, आणि मी सोडून दिली होती. छायेच्या अहवालात तळाला एक ओळ होती. 'संथ क्षणी डावीकडे वळून सुमारे दोन सेकंद थांबणे. कारण अज्ञात.' दोन सेकंदांनी काही बिघडत नव्हतं. आमच्या भाषेत, चालण्याजोगा दोष. मी सही केली.

पुढच्या बुधवारी सरावाला मामा बसले. राक्षसाची पहिली धाड झाली, दुसरी झाली. मी जखमा भरण्यात गुंतले होते. सहज बाजूला बघितलं, तर मामांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. माउस मोकळा पडला होता. पडद्यावर त्यांचा ढालवाला मात्र झकास लढत होता. हातोडा आला की ढाल वर, हातोडा गेला की ढाल खाली.



मामा पुढे वाकून बघत राहिले. धाड ओसरली, कातळ्या दम खायला मागे सरला. तेव्हा ढालवाला डावीकडे वळला आणि उभा राहिला. एक सेकंद, दोन सेकंद. मग पुन्हा समोर तोंड करून ढाल सावरली.

"सराव थांबीव," मामा म्हणाले.

मी संघाला घरी पाहुणे आल्याचं सांगितलं आणि हेडफोन काढले. अजित दारातून डोकावला आणि आमची तोंडं बघून परत गेला.

"कधीपासनं?" मामांनी विचारलं.

"मागच्या बुधवारपासून."

"मला वाटलंच. मागाला हात न लावता माग चालालाय, हे जॉबरला कळत न्हाई व्हय? आधी वाटलं माझा भास हाय. म्हणून हात काढून बघितलं." ते जरा थांबले. "ह्यो कोण हाय, धनश्री?"

"तुम्हीच आहात मामा. छत्तीस सालचे." मी सगळं सांगितलं. नसतातर, छाया, सांधणी. उणे सहासुद्धा सांगितलं. 

त्यांनी ऐकून घेतलं. मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "त्यो डावीकडं का वळतोय, ठावं हाय?"

"नाही. यंत्रालाही कळलं नाही. कारण अज्ञात म्हणालं."

"दुसरी धाड झाली की तुझी आत्या च्या आणायची. त्या दाराकडनं. मी उजव्या हातानं कप घ्यायचो, मग माउसला धक्का लागायचा आणि गडी तिकडं फिरायचा." ते हसले, आणि डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदमच. "यंत्राला वाटलं ही माझी खोड हाय. खोडच हुती म्हणा."

मला रडू आवरलं नाही. वर्षभराच्या नोंदींत प्रत्येक रविवारी, बुधवारी, शुक्रवारी आत्या त्या दारातून येत होत्या, आणि मी तो दोष म्हणून सोडून दिला होता.

"आणिक एकडाव दाव," मामा म्हणाले. मी तेवढा तुकडा पुन्हा लावला. त्यांनी तो चार वेळा बघितला. मग खुर्चीत मागे टेकले.

"पुसून टाकू नगंस," ते म्हणाले. "पर त्याला लढाईला पाठवायचं न्हाई आता. ऱ्हाऊ दे त्याला निवांत."

"नाही पाठवणार. चुकलं माझं, मामा."

"चुकलंच. उणे सहा हाय त्याचं मला काय वाटत न्हाई. हात माझाच हाय, मला ठाऊक न्हाई व्हय? पर तू मला इचारलं न्हाईस. मी पेढं वाटलं, पोरी. चौगुल्याला तोंड कसं दावू?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "ते ओटीपी का काय ते, उद्यापासनं माझ्या फोनवर येऊ दे. मला न्हाई जमलं तर मी तुला हाक मारीन."

त्याच संध्याकाळी मी त्यांचा नंबर घातला. पहिला ओटीपी त्यांना सापडेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा जमला.

शुक्रवारी मामांनी सगळ्या संघाला बोलायला बसवलं. खेळायला नाही. मी काय केलं ते सांगणं त्यांनी माझ्यावर सोडलं आणि मी ते सगळ्यांना सांगितलं.  मग मामा म्हणाले, "तर उणे सहाचा ढालवाला हाय तुमचा. रविवार शेवटचा. काय करायचं ते माझ्यासमोर ठरवा."

ऊर्मिलाताई म्हणाल्या, काका नाहीत तर मीही नाही. बशीरभाईंचंही तेच. मामांनी दोघांना गप्प केलं. "मायेनं बोलू नगा. सौरभ, तू बोल."

सौरभनं घसा साफ केला. "काका, तुम्ही असताना आपण शंभरात चार वेळा जिंकू. धारवाडचा असला तर चौदा वेळा. एवढंच आहे."

"बरोबर बोललास. मला एक सांग. त्यो हातोडा एवढा भराभर का पडतोय?"

"आपण मारतो म्हणून. जितकं मारू तितका कातळ्या चिडतो. शेवटी शेवटी दीड सेकंदाला एक हातोडा येतो. म्हणून तर भराभर मारून वीस मिनिटांत आटपायचं असतं."

"मग कमी मारा की."

"म्हणजे?"

"जुना माग पळवला की तार तुटतीया. स्पीड कमी केला की कापड निघतंय. येळ लागतोय, पर निघतंय. तुम्ही हळू मारा, त्यो हळू चिडंल. चार सेकंदाला एक हातोडा आला तर माझ्या हातानं झेपंल."

मी तिथल्या तिथे नसतातरला विचारलं. उत्तर आलं, शंभरात तीन. सौरभ म्हणाला, "बघा." पण माझ्यातली तपासनीस एव्हाना जागी झाली होती. मी नसतातरच्या पोटात शिरून बघितलं. त्याच्या साठ्यात कातळ्याच्या अकरा लाख लढाया होत्या आणि त्यांतली एकही संथ नव्हती. आपला आकडा कोण आपल्या हातानं पाडून घेईल? म्हणून हळू खेळणारा संघ दिसला की नसतातर त्याला दुबळा समजायचं आणि वेगावरून हार ठरवून मोकळं व्हायचं. नमुनाच एकतर्फी असेल तर निकालाला अर्थ नसतो, हे मी गिरणीत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवते. आणि मामांवर शिक्का मारताना मीच ते विसरले होते.

हे मी सांगितलं तेव्हा बशीरभाई म्हणाले, "तंबोऱ्याची खुंटी पिळताना घाई केली की तार जाते. मला पटतंय."

"मला नाही परवडत," सौरभ म्हणाला. "बंगळूरवाले शेवटच्या चढाईचा आकडा मागतात. हळू मारलं तर माझा आकडा मातीत जाईल, ताई. मी दोन वर्षं घासलोय."

 मामा म्हणाले, "त्याचं खरं हाय. सौरभ, तुझं तू ठरीव. तुला जमत न्हाई म्हणालास तर मी उठतो, धारवाडच्याला बोलीव. मी राग धरणार न्हाई."

"रविवारी सांगतो," म्हणून तो गेला.

रविवारी सात वाजले. मामांच्या फोनवर ओटीपी आला. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि स्वतःच भरला. पडद्यावर विचारणा झाली, छाया वापरायची का? त्यांनी 'नाही' वर बोट ठेवलं. सात नावं पेटली. आठवं पेटेना. सात वाजून चार मिनिटांनी सौरभ आला. कुणाला नमस्कार नाही की काही नाही. "चला," एवढंच म्हणाला.

आम्ही कातळ्याच्या पुढ्यात उभे राहिलो आणि पहिला घाव कोण, कसा घालतो तिकडे सगळ्यांचं लक्ष लागलं. सौरभनं तलवार काढली, एक घाव घातला आणि थांबला. चार मोजले. दुसरा घातला.

मीही मनात चार मोजले.

इतकी कंटाळवाणी लढाई जगात कुणी लढली नसेल. एक घाव, चार अंक. हातोडा सावकाश वर जायचा, सावकाश खाली यायचा, आणि मामांची ढाल तिथे असायची. अर्ध्या सेकंदानं का होईना, असायची. वीस मिनिटांनी कातळ्याचं आयुष्य तिसऱ्या हिश्शानं कमी झालं होतं. बशीरभाई मधूनमधून मोठ्यानं मोजत होते. ऊर्मिलाताईंनी एका म्हशीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगून संपवली.

पन्नासाव्या मिनिटाला कराडच्या मधल्या भावाच्या हातानं सवयीचा फटका मारला. मग चेव चढून आणखी दोन. कातळ्या भडकला. हातोडे तीन सेकंदाला, दोन सेकंदाला यायला लागले. मामांची एक ढाल चुकली, दुसरी चुकली. त्यांच्या आयुष्याची रेघ लाल झाली. मी आणि ऊर्मिलाताई जीव खाऊन जखमा भरत होतो, तरी ती वर चढेना.

"कुणी मारू नका!" सौरभ ओरडला. "हात काढा सगळ्यांनी! काका, नुसतं उभं राहा, फक्त ढालीकडे लक्ष द्या."

मारणारे पाचही जण हात काढून उभे. कातळ्या फुसफुसत राहिला आणि हळूहळू त्याचा हातोडा मंदावला. दोन सेकंद, तीन सेकंद, चार. मामांची रेघ पिवळी झाली, मग हिरवी. तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा कराडकरांचा आवाज ऐकू आला.

"चुकलं," मधला म्हणाला.

"चालतंय," मामा म्हणाले. "मार सावकाश."

एक तास अकरा मिनिटांनी कातळ्या गुडघ्यावर आला. शेवटचा घाव कुणाचा होता ते मला आजही ठाऊक नाही. तो आडवा झाला तेव्हा आरडाओरडा झाला नाही. इतका वेळ मोजून मोजून आम्ही मोजायच्याच नादात होतो, बशीरभाईंनी तर पुढे 'तीन, चार' म्हटलं. मग एकदम सगळे ओरडले. अजित धावत आला. मामांनी मला मिठीत घेतलं. सासऱ्यांनी सुनेला मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नाही.

चौथऱ्यावर नावं उमटायला लागली. तिसरं नाव, कल्लाप्पा मगदूम, इचलकरंजी. मामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. अक्षरं त्यांनी बोटानं पडद्यावर एकेक करून वाचली. मी इतकी समाधानी त्याआधी कधी झाले होते ते मला आठवत नाही.

तेवढ्यात नसतातरचा अहवाल आला, कुणी मागितला नव्हता तरी. मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. जिंकायची शक्यता शंभरात तीन. आठही नावांपुढे उणे. बशीरभाई उणे पाच, मी उणे चार, कराडकर प्रत्येकी उणे सात, ऊर्मिलाताई उणे दोन. मामा ठरल्याप्रमाणे उणे सहा. आठांपैकी कुणालाही काढून सरासरी माणूस घेतला असता तर बरं झालं असतं, असं त्याचं म्हणणं होतं.

"आणि माझा?" सौरभनं विचारलं.

"उणे अकरा."

 बंगळूरला जाणारा आकडा हाच होता. 

"मी अहवालाबरोबर लढाईही पाठवणार आहे," सौरभ म्हणाला. "सगळी. एक तास अकरा मिनिटांची. बघितली तर बघितली त्यांनी." आणि मग जरा हसून, "काका, मी तुमच्यापेक्षा खाली गेलो की हो."

"लईच खाली," मामा म्हणाले. "उणे अकरा म्हणजे पुढच्या सीझनला तुला ठिवायचं का न्हाई, इचार करायला पायजे."

बशीरभाई खो खो हसले. कराडकरही हसल्यासारखे वाटले. सौरभ मात्र हसला नाही.

"ठेवा की, काका," तो म्हणाला.

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. माईक ओठांजवळ ओढला आणि सावकाश म्हणाले, "तुला इचारल्याबिगर काढणार न्हाई."

मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पाय मोकळे करायला उठले.